दानीएलाचे शाकान्न आणि आपल्या ताटातील प्रथिने

शास्त्रवाचन : दानीएल १:८-१६, यहेज्केल ४:९-१२, २ शमुवेल १७:२७-२९, प्रेषितांची कृत्ये ६:१-६

मांस, मासे आणि अंडी रोज परवडत नसतील, तर शरीराला लागणारी प्रथिने केवळ धान्य, डाळी व भाजीपाला यांतून मिळू शकतात काय? हा प्रश्न आज अनेक ख्रिस्ती कुटुंबांत विचारला जातो. नोकरी, शिक्षण किंवा परीक्षेच्या तयारीसाठी दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद व गाझियाबाद या परिसरात येऊन राहिलेल्या मराठी माणसांपुढे तो अधिक तीव्रतेने उभा राहतो. घरची भाकरी, पिठले आणि उसळ मागे राहिलेली असते. येथील ताट वेगळे असते. आणि बाजारात प्रथिनांच्या चूर्णाचे मोठमोठे डबे तरुणांना सतत खुणावत असतात. ज्या घरात महिन्याचा हिशेब आधीच जुळत नाही, त्या घरातून असा एक डबा विकत आणला जातो आणि त्याच महिन्यात डाळ मात्र पातळ होते. म्हणून हा विषय केवळ आहारशास्त्राचा नाही. तो घरच्या कारभाराचा, तसाच शेजारधर्माचाही आहे.

या विषयावर बोलताना दानीएल व त्याच्या तीन मित्रांचा दाखला हटकून दिला जातो. त्यामुळे प्रथम तो शास्त्रभाग नेमके काय सांगतो ते पाहू, आणि मग आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात आपल्या ताटाकडे वळू.

१. दानीएलाने नेमके काय मागितले?

दानीएलाच्या पहिल्या अध्यायात त्या चार तरुणांनी कारभाऱ्याकडे जे अन्न मागितले, त्याला बाराव्या वचनात इब्री भाषेत 'झेरोईम' हा शब्द आहे. सोळाव्या वचनात त्याच्याच जवळचा 'झेरओनीम' हा शब्द येतो. दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'झेरा' म्हणजे 'बी' हा शब्द आहे. पेरून उगवलेले, बियांपासून आलेले अन्न असा त्यांचा अर्थ होतो. अनुवादकाची अडचण येथेच सुरू होते. 'बी' म्हटले तर मराठी वाचकाला बियाणे आठवते. 'शाकान्न' म्हटले तर पालेभाजी डोळ्यांपुढे येते. आणि 'धान्य' म्हटले तर गहू-तांदळाची पोती दिसू लागतात.

प्राचीन अनुवादकांनाही ही अडचण आली होती. दानीएलाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात येथे शेंगवर्गीय धान्यांसाठीचा, म्हणजे आपण ज्यांना द्विदल धान्ये म्हणतो त्यांच्यासाठीचा शब्द आढळतो. थिओडोशनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या ग्रीक भाषांतरात 'बिया' असा शब्दशः पर्याय आहे. लॅटिन भाषांतराने पुन्हा शेंगवर्गीय धान्यांचाच शब्द घेतला, आणि १६११ च्या इंग्रजी भाषांतरानेही कडधान्यांचाच अर्थ स्वीकारला. अलीकडच्या बहुतेक भाषांतरांनी मात्र 'भाजीपाला' हा व्यापक अर्थ पसंत केला आहे. मूळ शब्दात दोन्ही अर्थांना जागा आहे. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की दानीएलाच्या ताटात केवळ पालेभाजी होती असे समजण्याचे कारण नाही. मसूर, हरभरा व वाल यांसारखी द्विदल धान्ये त्या प्रदेशात हजारो वर्षांपासून पिकत होती, आणि 'बियांपासून आलेले अन्न' या शब्दांत ती सहज सामावतात.

या भागाचा अर्थ लावताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की दानीएलाने राजाचे अन्न नाकारले ते स्वतःला विटाळू नये म्हणून. ते प्रकृतीला अपायकारक होते असे शास्त्रात म्हटलेले नाही. दुसरी ही की दहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात तो तीन आठवडे मांस व द्राक्षारस वर्ज्य केल्याचे सांगतो. इतर वेळी तो ते घेत असावा, असे त्यातून सूचित होते. दहा दिवसांनी चौघांचे चेहरे टवटवीत दिसले, याचे श्रेय शास्त्र देवाच्या कृपेला देते, एखाद्या डाळीच्या गुणाला नव्हे. तेव्हा दानीएलाच्या नावाने कोणी आहारपद्धती ठरवू नये, आणि मांस खाणाऱ्याने व न खाणाऱ्याने एकमेकांना दोषही लावू नये. मात्र साधे, पेरून पिकवलेले अन्न खाऊन तरुण शरीर सशक्त राहू शकते, ही गोष्ट शास्त्रलेखकाला अशक्य वाटली नव्हती, एवढे खरे.

२. प्रथिने किती लागतात?

प्रथिने ही अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी बनलेली असतात. त्यांतील नऊ अमिनो आम्ले प्रौढ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. स्नायू, रक्त, त्वचा व केस यांची बांधणी आणि रोजची झीज भरून काढणे ही कामे त्यांच्यावर अवलंबून असतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांसाठी जी प्रमाणे दिली, त्यांनुसार प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम उत्तम प्रतीचे प्रथिन पुरते. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम, असा हा हिशेब होतो. वनस्पतिजन्य प्रथिने दुधा-अंड्यांतील प्रथिनांइतकी पूर्णपणे पचत नाहीत. म्हणून ज्यांचे अन्न मुख्यतः धान्यांचे आहे, त्यांनी किलोमागे एक ग्रॅम हे सोपे माप धरावे. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत यात रोज सुमारे २२ ग्रॅमची, आणि अंगावर पाजणाऱ्या मातेच्या बाबतीत पहिल्या सहा महिन्यांत सुमारे १७ ग्रॅमची भर पडते.

आता धान्यांकडे पाहू. शंभर ग्रॅम कोरड्या पदार्थात प्रथिने साधारणपणे अशी असतात :

मूगडाळ व मसूरडाळ : सुमारे २४ ग्रॅम
तूरडाळ व हरभराडाळ : सुमारे २२ ग्रॅम
राजमा व अख्खा हरभरा : सुमारे १९ ते २० ग्रॅम
शेंगदाणे : सुमारे २४ ग्रॅम
सोयाबीन : ३६ ग्रॅम किंवा त्याहून अधिक
बाजरी : सुमारे ११ ग्रॅम
कणीक : सुमारे १०.५ ग्रॅम
तांदूळ : सुमारे ८ ग्रॅम

हे आकडे कोरड्या पदार्थाचे आहेत, हे विसरू नये. वाटीभर शिजलेल्या डाळीत कच्ची डाळ २५ ते ३० ग्रॅमच असते. म्हणजे प्रथिने सहा-सात ग्रॅम. ती डाळ पाणी घालून वाढवली की वाटी भरलेली दिसते, परंतु प्रथिने निम्म्यावर येतात. लहान बाळाला डाळीचे केवळ वरचे पाणी पाजण्याची रीत अनेक घरांत आहे. त्या पाण्यात प्रथिन जवळजवळ नसते. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला स्तनपानाबरोबर घट्ट, घोटलेली डाळ किंवा मऊ खिचडी द्यावी, आणि तीत थोडे तूप किंवा तेल घालावे.

३. यहेज्केलाची भाकर आणि आपली भाजणी

वनस्पतिजन्य प्रथिनांविषयी नेहमी घेतली जाणारी हरकत अशी की ती 'अपूर्ण' असतात. या बोलण्यात काही तथ्य आहे. गहू, तांदूळ, ज्वारी व बाजरी यांत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते. डाळींत ते भरपूर असते, पण डाळींत गंधकयुक्त मिथिओनिन कमी असते आणि ते तृणधान्यांतून मिळते. एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात, पिठले-भाकरी, खिचडी, राजमा-चावल, कढी-चावल या जोड्या कोणत्याही प्रयोगशाळेने सुचवलेल्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्वयंपाकघरांनी त्या घडवल्या आहेत. एके काळी अशी समजूत होती की ही जोडी एकाच घासात किंवा एकाच जेवणात साधली पाहिजे. तशी गरज नसते. दिवसभराच्या खाण्यात दोन्ही आले म्हणजे पुरे.

या दृष्टीने यहेज्केलाच्या चौथ्या अध्यायातील भाकर पाहण्यासारखी आहे. संदेष्ट्याला गहू, जव, वाल, मसूर, बाजरीसारखे बारीक धान्य आणि एक जुन्या जातीचा गहू एकाच भांड्यात घालून भाकर करावयास सांगितले आहे. मसुरासाठी तेथे 'अदाशीम' शब्द आहे. याकोबाने एसावाला दिलेल्या तांबड्या कालवणातही तोच आहे. अरबीत मसुराला आजही 'अदस' म्हणतात. बारीक धान्यासाठीचा 'दोहान' हा शब्दही अरबीतील 'दुख्न' या बाजरीवर्गाच्या नावाशी जुळतो. तृणधान्य व द्विदल यांचा हा मेळ आपल्या भाजणीच्या थालीपिठात आहे, तसाच दिल्ली-हरयाणाच्या मिस्सी रोटीत आहे. ती गव्हाच्या कणकेत बेसन मिसळून करतात.

परंतु काही ठिकाणी ही भाकर आरोग्याची पाककृती म्हणून सांगितली जाते, तो अर्थ संदर्भाला धरून नाही. हे वेढा पडलेल्या नगरीचे अन्न आहे. एका धान्याची भाकर करण्याइतके कोणतेच धान्य उरलेले नाही, म्हणून सगळ्या मडक्यांच्या तळाशी असलेले झाडून एकत्र केले आहे. दहाव्या वचनात तिचे मापही दिले आहे : दिवसाला वीस शेकेल, म्हणजे सुमारे २३० ग्रॅम. हे वजन कोरड्या धान्याचे मानले तरी त्यातून सातआठशे उष्मांकच मिळतील. प्रथिनांचा मेळ उत्तम, पण माणूस उपाशी. मिश्रण योग्य असले तरी मात्रा अपुरी असेल तर शरीर टिकत नाही, हे सत्य त्या भाकरीत दडलेले आहे. विसाव्या शतकात याच प्रश्नावर जगभर मोठा वाद झाला, आणि त्यात एका मराठी शास्त्रज्ञाचा महत्त्वाचा वाटा होता.

४. डॉ. सुखात्मे यांनी उपस्थित केलेला प्रश्न

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे लंडनमध्ये संख्याशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १९४० मध्ये नवी दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत दाखल झाले. शेतीच्या उत्पादनाचा अंदाज नमुना पाहणीने कसा करावा, याची पद्धत त्यांनी येथे घडवली. त्यांनी उभारलेल्या विभागातूनच दिल्लीच्या पुसा परिसरातील भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था पुढे वाढली. १९५१ मध्ये ते रोम येथील अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून गेले आणि जगातील भुकेचे मोजमाप करण्याचे काम त्यांच्याकडे आले.

त्या काळात असे मानले जात होते की गरीब देशांचे मुख्य दुखणे प्रथिनांचा तुटवडा हे आहे. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका सल्लागार समितीने प्रथिनांचे मोठे संकट जवळ आल्याचा इशारा दिला. माशांचे चूर्ण, खनिज तेलावर वाढवलेल्या सूक्ष्मजीवांचे प्रथिन, पावात मिसळलेले लायसिन असे उपाय पुढे येऊ लागले. डॉ. सुखात्मे यांनी भारतातील आहार पाहण्यांचे आकडे तपासून वेगळाच निष्कर्ष काढला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आपले नेहमीचे धान्य-डाळीचे जेवण पोटभर मिळाले तर बहुतेकांना पुरेशी प्रथिने आपोआप मिळतात. ज्यांना प्रथिने कमी पडतात, त्यांना मुळात अन्नच कमी पडते. आणि अन्न कमी पडले की शरीर प्रथिनांचा उपयोग बांधणीसाठी न करता त्यांनाच इंधन म्हणून जाळते. रोग प्रथिनांच्या अभावाचा दिसतो, पण त्याचे मूळ रिकाम्या पोटात असते.

हैदराबादला डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांचे कामही याच दिशेने चालले होते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कुपोषित मुलांना गहू, साखर व तेल यांचा पूरक आहार देण्यात आला. त्यातून रोज सुमारे ३१० उष्मांक मिळत होते, तर प्रथिने जेमतेम ३ ग्रॅम. तरीही मुलांची उंची व वजन वाढले. १९७४ पर्यंत वैद्यकीय नियतकालिकांत 'प्रथिनांचा फज्जा' अशा अर्थाच्या मथळ्याखाली जुन्या समजुतीवर उघड टीका होऊ लागली होती.

पुढे डॉ. सुखात्मे यांनी असे मत मांडले की शरीर कमी आहाराशी काही मर्यादेत जुळवून घेते. या मताला मात्र डॉ. गोपालन यांच्यासह अनेकांनी कडाडून विरोध केला. खुरटलेल्या शरीराला 'जुळवून घेतलेले' म्हणणे म्हणजे गरिबीला मान्यता देणे होय, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो आजही विचारात घेण्याजोगा आहे. शिवाय जेवण जवळजवळ संपूर्ण तृणधान्याचेच असेल, तर पोट भरूनही लायसिन कमी पडू शकते, हेही आता नीट समजले आहे. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र धराव्यात : प्रथम पोटभर अन्न, आणि त्या अन्नात डाळीचा खरा वाटा. महागडे चूर्ण या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही.

५. दोन ताटांचा हिशेब

ही गोष्ट दिल्लीच्या एका सर्वसाधारण घराच्या उदाहरणाने पाहू. ५५ किलो वजनाची, दिवसभर काबाडकष्ट करणारी एक स्त्री आहे. सगळ्यांचे जेवण झाल्यावर ती जेवते. तिच्या वाट्याला दिवसभरात ३०० ग्रॅम कणकेच्या पोळ्या, २० ग्रॅम डाळीचे पातळ वरण, थोडी बटाट्याची भाजी आणि २० ग्रॅम तेल येते. यातून प्रथिने सुमारे ३८ ग्रॅम आणि उष्मांक सुमारे १,३०० मिळतात. मध्यम श्रमाच्या स्त्रीला २,१०० हून अधिक उष्मांक लागतात. अर्थात ३८ ग्रॅमांपैकीही काही भाग इंधन म्हणूनच खर्च होतो.

आता दुसरे ताट पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये २,००० उष्मांकांचे जे आदर्श ताट सुचवले, त्यात तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, शेंगदाणे-तीळ यांसारखे पदार्थ ३५ ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि दूध ३०० मिलिलिटर आहे. तृणधान्य व डाळ यांचे प्रमाण साधारण तीनास एक पडते. कणीक व तांदळातून २४ ते २५ ग्रॅम, डाळींतून १९, शेंगदाण्यांतून ८ आणि भाज्यांतून ६, असे दूध न धरताही सुमारे ५७ ग्रॅम प्रथिन होते. त्या स्त्रीची गरज स्थानिक वनस्पतिजन्य अन्नातून पुरी होते. फरक पडला तो २० ग्रॅम डाळ ८५ ग्रॅम झाल्याने, आणि मूठभर शेंगदाण्यांनी.

मग डाळ ताटातून कमी का झाली? देशात दरडोई दररोज उपलब्ध असलेल्या डाळी १९६१ मध्ये ६९ ग्रॅम होत्या. २००१ मध्ये त्या ३० ग्रॅमवर आल्या. हरितक्रांतीने गहू व तांदूळ वाढवले, उपासमार टाळली, हे तिचे मोठे ऋण आहे. परंतु पंजाब व हरयाणातील ज्या शेतांत हरभरा पिकत असे, तेथे गहू आला, आणि लोकसंख्या वाढत असताना डाळींचे उत्पादन मागे राहिले. नंतर परिस्थिती काहीशी सुधारली, तरी १९६१ ची पातळी परत आलेली नाही. २०१५ मध्ये तूरडाळीचा भाव किलोमागे दोनशे रुपयांच्या घरात गेल्याचे अनेकांना आठवत असेल. पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्था बिहारच्या १९३४ च्या भूकंपानंतर १९३६ मध्ये दिल्लीत आली. तिने सुमारे १२० दिवसांत तयार होणारी 'पुसा अरहर १६' ही तुरीची जात काढली आहे. तूर लवकर निघाली तर त्याच शेतात पुढे गहू घेता येतो, हा त्यामागील विचार.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार पात्र कुटुंबातील प्रत्येकाला दरमहा पाच किलो धान्य मिळते. ते दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम पडते आणि त्यातून १५ ते १७ ग्रॅम प्रथिन मिळते. डाळ मात्र या कायदेशीर हक्कात नाही. ती विकतच घ्यावी लागते. २०२१ पासून दिल्लीतही 'एक देश, एक शिधापत्रिका' योजना लागू असल्याने महाराष्ट्रातील शिधापत्रिकेवर येथे धान्य घेता येते. गरजू कुटुंबांना ही माहिती अवश्य द्यावी. धान्यावर वाचलेले पैसे डाळीकडे वळवता येतात.

६. येथे मिळणारे अन्न आणि ते शिजवण्याची रीत

'स्थानिक अन्न' म्हणजे प्राचीन काळापासून येथलेच अन्न, असा अर्थ घेऊ नये. राजमा व भुईमूग अमेरिका खंडातून आले, सोयाबीन चीनकडून. आज जवळपास पिकते, सहज मिळते आणि परवडते ते स्थानिक. दिल्लीत काळा चणा, छोले, राजमा, लोबिया (म्हणजे आपली चवळी), मोठ (म्हणजे मटकी), साल काढलेला लाल मसूर आणि हिवाळ्यात हरयाणा-राजस्थानची बाजरी सर्वत्र मिळते. जुन्या दिल्लीच्या नया बाजारात डाळींची घाऊक पेठ आहे. चार घरांनी मिळून तेथून किंवा जवळच्या घाऊक दुकानातून खरेदी केली तर काटकसर होते.

बिहारमधून आलेले कामगार भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, म्हणजे सत्तू, पाण्यात कालवून मीठ, कांदा व लिंबू घालून घेतात. ५० ग्रॅम सत्तूत दहा-अकरा ग्रॅम प्रथिन असते आणि चूल पेटवावी लागत नाही. मुखर्जीनगर व जुने राजेंद्रनगर या भागांत स्पर्धा परीक्षांसाठी राहणाऱ्या मराठी मुलामुलींनी हे जरूर ध्यानात घ्यावे. सत्तू, फुटाणे, शेंगदाणे, मोड आलेले मूग व दही एवढ्यावर खोलीतल्या खोलीत रोज पंचवीस-तीस ग्रॅम प्रथिनांची सोय होते.

स्वयंपाकाविषयी काही गोष्टी :

राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, चांगला उकळून शिजवावा. अर्धकच्च्या राजम्यातील एका द्रव्याने उलट्या व जुलाब होतात. सोयाबीनही पूर्ण शिजवल्याशिवाय खाऊ नये.

भिजवणे, मोड आणणे व आंबवणे यांनी डाळीतील लोह व जस्त शरीराला अधिक मिळते आणि पचन सोपे होते. मोड आल्याने प्रथिनांचे प्रमाण मात्र फारसे वाढत नाही.

डाळीवर लिंबू पिळल्यास लोहाचे शोषण वाढते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते घटते.

जीवनसत्त्व ब-१२ वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. जे मांस, मासे, अंडी घेत नाहीत त्यांनी दूध-दही नियमित घ्यावे, आणि तेही घेत नसतील तर वैद्यांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण वैद्यांना विचारूनच ठरवावे.

७. मंडळीपुढील प्रश्न

दुसऱ्या शमुवेलाच्या सतराव्या अध्यायात अबशालोमापुढून पळालेला दावीद आपल्या लोकांसह महनाईमास पोहोचतो. तेव्हा बर्जिल्लय व इतर दोघे त्यांच्यासाठी गहू, जव, पीठ, भाजलेले धान्य, वाल, मसूर, मध, दही व मेंढरे घेऊन येतात. रानात भुकेलेल्या, थकलेल्या माणसांना काय लागते याचा त्यांनी विचार केला होता. त्या यादीत तृणधान्य आहे, द्विदल आहे, दूधदुभते आहे. मदत मोजून आणि समजून केलेली आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातील तक्रारही अन्नाचीच होती. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीत वगळल्या जात होत्या. परक्या भाषेच्या, आवाज नसलेल्या माणसांच्या वाट्याला कमी येत होते. प्रेषितांनी ही बाब किरकोळ मानली नाही. त्यासाठी सात जबाबदार माणसे नेमली. महानगरातील मंडळीत आजही अशी माणसे आहेत : एकट्या राहणाऱ्या वृद्ध भगिनी, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, नोकरी गेलेले कुटुंबप्रमुख, वसतिगृहातील विद्यार्थी. त्यांच्या घरी भाकरी आहे की नाही एवढेच विचारून भागणार नाही. डाळ किती दिवसांनी शिजते, हेही प्रेमाने जाणून घ्यावे लागेल. सणाला मिठाईचा डबा देण्याऐवजी दोन किलो डाळ व एक किलो शेंगदाणे दिले, तर त्या घराला त्याचा उपयोग महिनाभर होईल. प्रीतिभोजनातही घट्ट डाळ आधी वाढली जावी, आणि स्वयंपाक करणाऱ्या भगिनी सर्वांबरोबर पंगतीला बसाव्यात. करिंथच्या मंडळीत एक भुकेला राही आणि दुसरा तृप्त होई, याबद्दल पौलाने दिलेला दोष अशा पंगतींनाही लागू पडतो.

सरकारी शाळांतील मध्यान्ह भोजनात प्राथमिक वर्गातील मुलाला १२ ग्रॅम व उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला २० ग्रॅम प्रथिन मिळावे, असा नियम आहे. अंगणवाडीतील बालकांसाठीही प्रथिनांचे प्रमाण ठरलेले आहे. आपल्या वस्तीतील मुलांना ते खरोखर मिळते काय, हे पालकांनी व मंडळीतील जाणत्या माणसांनी पाहिले पाहिजे. नियम कागदावर आहे. डाळ पातेल्यात किती आहे, हे जवळ जाऊनच कळते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दानीएल १:१२ मधील 'झेरोईम' या शब्दासाठी आपल्या बोलीतील कोणता शब्द आपण वापराल? त्याने कोणता अर्थ स्पष्ट होईल व कोणता निसटेल?

२. यहेज्केलाची भाकर व बर्जिल्लयाची भेट यांत धान्ये जवळजवळ तीच आहेत. मग दोन्हींत फरक कशाचा आहे?

३. आपल्या घरात दरमहा किती डाळ लागते ते लिहून काढा. तिला माणसांच्या संख्येने व तीस दिवसांनी भागा. प्रत्येकाच्या वाट्याला किती ग्रॅम येते? घरात सर्वांत शेवटी कोण जेवते, आणि तिच्या ताटात काय उरते?

४. आपल्या मंडळीत रोजच्या वाटणीतून वगळले जाणारे कोण आहेत? त्यांच्यासाठी या महिन्यात कोणती एक गोष्ट करता येईल?